जेवणानंतरची समिती

१

हार होता, नारळ होता, उदबत्तीची राख होती. यंत्र तेवढं नव्हतं.

दीपमाला गपाट दारातच थांबल्या. फोटोसाठी वर धरलेला मोबाइल तसाच हातात राहिला. सकाळी याच टेबलावर स्पेक्ट्रोफोटोमीटर होता. द्रावणातून प्रकाश सोडून त्यात काय नि किती विरघळलंय ते सांगणारं हे यंत्र, आकारानं जुन्या टाइपरायटरएवढं. प्राचार्यांच्या आग्रहाखातर दीपमालाबाईंनी स्वतः त्याला हळदकुंकू वाहिलं होतं. मागं सरताना त्याची वायर पायात येऊन त्या पडता पडता वाचल्या होत्या.

"सोनालीबाई, यंत्र दुसरीकडं हलवलंय का?"

सोनाली वाघमोडेनं टेबलाकडं एकदाच पाहिलं आणि मान खाली घातली. "न्हाय मॅडम. जेवायला जाताना मीच कुलूप लावलं, ते आत्ता तुमच्यासमोर उघडलं."

दीपमालाबाई धाराशिवच्या एका कॉलेजात गणित शिकवत. निवृत्तीला दीड वर्ष राहिलं होतं आणि गुडघ्यांनी त्याआधीच राजीनामा दिला होता. कुठं नवा अभ्यासक्रम सुरू व्हायचा असला की विद्यापीठ त्यांना समितीची अध्यक्ष करून धाडत असे. का, तर बाई बोलत नाहीत फारशा. जिल्ह्यातल्या सगळ्या कॉलेजांचा चिवडा त्यांनी खाल्ला होता आणि घरात शाली इतक्या साठल्या होत्या की कपाट लागत नव्हतं.

आज पाळी होती कळंब-येडशी रस्त्यावरच्या धुरपदाबाई महाविद्यालयाची. कॉलेजला 'कृषी रसायन आणि सांख्यिकी' ही नवी पदवी हवी होती. अर्धं विज्ञान, अर्धं गणित. आराखडा सोनालीनं लिहिला होता. ती इथं तासिका तत्त्वावर शिकवायची, म्हणजे दर जूनला तिची नेमणूक नव्यानं व्हायची किंवा व्हायची नाही. आसपासच्या शिवारांतली माती पोरींनी आणायची, तपासायची आणि आकडे मांडून निष्कर्ष काढायचे, असा सगळा बेत. कैक वर्षांनी दीपमालाबाईंनी एखादा अभ्यासक्रम जांभई न देता शेवटपर्यंत वाचला होता.

कॉलेजच्या मालकीचं यंत्र असेल तर मंजुरी, नसेल तर नाही. 'अटीवर मंजुरी' ही जुनी पळवाट विद्यापीठानं यंदापासून बुजवली होती. शिवाय यंत्राचा, कुठं नि कधी काढला ते आपोआप उमटणारा मोबाइलवरचा फोटो जोडायचा, हाही नवाच फतवा. सकाळी थकव्यात फोटो काढायचा राहिला. जेवणात खव्याची पोळी झाली, पान झालं, आणि गाडीत बसता बसता बाईंना ते आठवलं. म्हणून त्या सोनालीला घेऊन परत वर आल्या होत्या.

जिन्यावर धावती पावलं वाजली. प्राचार्य युवराज कवडे घामाघूम होऊन आत आले आणि रिकाम्या टेबलाकडं बघून जागीच थबकले.  मग एकदम त्यांचा आवाज चढला.

"चोरी! दिवसाढवळ्या चोरी झाली की हो! चावी कुणाकडं होती?"

चावी सोनालीच्या हातातच होती.

२

केबिनमध्ये पंखा फिरत होता, वारा मात्र कुणालाच लागत नव्हता.

"पोलिसांत द्यावंच लागंल," कवडे म्हणाले. "त्याआधी सोनालीबाई, तुम्ही लिहून द्या, की यंत्र माझ्या ताब्यातून गेलं. बाकीचं संस्था बघंल."

समितीचे दुसरे सदस्य श्रीशैल बिराजदार. उमरग्याकडचे, भौतिकशास्त्राचे, वयानं तरुण आणि स्वभावानं सरळ. ते बाईंना हळूच म्हणाले, "मॅडम, आपण सकाळी डोळ्यांनी बघितलंय. 'पाहिले, नंतर चोरीला गेले' असं लिहू. मंजुरीला काय अडचण येत नाही."

"तेच म्हणतोय मी," कवड्यांचा चेहरा उजळला. "कोर्सला धक्का लागायला नको. एवढी पोरीबाळींची सोय होतीय."

सोनालीनं कोरा कागद पुढं ओढला आणि पेनचं टोपण काढलं.

दीपमालाबाई तिच्याकडं बघत राहिल्या. चोरीचा आळ आला की माणूस ओरडतं, रडतं, नाहीतर देवाची शपथ घेतं. ही पोरगी 'मी घेतलं नाही' एवढंसुद्धा म्हणाली नव्हती. हे लिहून दिलं की जूनमध्ये तिला दारात कोण उभं करणार? जन्मभराचा डाग लागणार होता आणि ती समास आखत होती.

"थांबा," बाई म्हणाल्या. "अर्धा तास कुणी काही लिहायचं नाही."

"मॅडम, तुम्ही दमला असताल. कशाला त्रास? आमचं आमी बघतो."

"दमलेच आहे, सर. म्हणून तर लगेच जिना उतरवत नाही." त्या उठल्या. "बिराजदार, चला. परत एकदा टेबल बघू."

३

चोर लई सभ्य होता, हे पहिलं लक्षात आलं.

यंत्रावरचा झेंडूचा हार त्यानं तोडला नव्हता की फेकला नव्हता. अलगद काढून, दुहेरी घडी करून नारळाशेजारी ठेवला होता. खिडकीचे गज जागेवर, कुलूप शाबूत.

"घाईत असलेला माणूस हार असा ठेवंल का हो?" बाईंनी विचारलं.

"आमच्यात देवावरचा हारसुद्धा एवढ्या बेतानं काढत न्हाईत," बिराजदार म्हणाले.

बाई कण्हत खाली वाकल्या. टेबलाखाली विजेचं एकच सॉकेट होतं. बारीक भोकांचं, मोबाइलचा चार्जर लावतात तसलं. सकाळी पायात आलेल्या वायरीचा प्लग त्यांना चांगला आठवत होता, कारण तो घोट्यावर लागला होता. गीझरला असतो तसा, जाड पिनांचा.

"ह्यात तो बसतच नाही," बिराजदार म्हणाले. "मग हे लोक यंत्र चालवत कशावर होते?"

"पुढचं ऐका. कवडे म्हणाले, यंत्र गेल्या दिवाळीत घेतलंय. तो तराजू उचला बघू."

बिराजदारांनी कडेचा जुना तराजू उचलला. खाली टेबलाचा मूळ गडद रंग चौकोनी उरला होता. बाकीचं टेबल खिडकीच्या उन्हानं विटून गेलं होतं. यंत्राच्या जागीही ते तसंच विटलेलं होतं. एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत डाग म्हणून नव्हता.

दोघं एकमेकांकडं बघत असताना दारात बादली आपटली. प्रयोगशाळेचा शिपाई रामहरी ओला पोचारा घेऊन उभा होता.

"मॅडम!" तो दचकून म्हणाला. "तुमी अजून हायेत व्हय?"

"का रं बाबा? जायला पाहिजे होतं का?"

"तसं न्हाय. पान झालं की गाडी हालती समितीची. दरसाल तसंच आसतंय. म्हून आपलं..."

"जेवणं चालू असताना तू कुठं होतास?"

"वाढायला व्हतो. मग पत्रावळ्या उचलल्या." त्याची नजर हाराकडं गेली आणि झटकन परत आली. "म्या काय बघितलं न्हाय, मॅडम. म्या गरीब माणूस."

काय बघितलं असं अजून त्याला कुणी विचारलंच नव्हतं.

४

रसायनशास्त्राचे विभागप्रमुख बलभीम टेकाळे लिंबाखाली खुर्ची टाकून बसले होते. जेवताना भाताच्या वेळी ते फोन आला म्हणून उठले आणि ताकाला परतले, हे बाईंनी पाहिलं होतं.

"टेकाळे सर, नवा कोर्स तुम्हांला नको होता असं ऐकलं."

"कुणाला पाहिजे असतोय?" टेकाळे मोकळेपणानं म्हणाले. "माझी दोन वर्षं राहिल्यात. ही पोरगी येती आणि म्हणती, सर, पोरांना शेतात नेऊ, माती आणू. मी म्हणलं, बाई, आमी सगळी जिंदगी फळ्यावर माती तपासली, कुणाचं काय अडलं? पण म्हणून मशीन पळवायला मी काय खुळा हाय का?"

"भाताला उठलात ते?"

"घरनं फोन होता."

"आणि यंत्र कुणी नेलं असंल, काय वाटतं?"

टेकाळे वैतागले. "मला विचारलं तर मॅडम, चुकलं तुमचंच. जेवल्यावर समिती लॅबमधी जाती का कुठं? अशानं माणसाचं सगळं नियोजन..." ते थांबले. रुमालानं मान पुसली. "म्हणजे, विश्रांती घ्यायची सोडून तुम्ही दगदग करता, असं म्हणायचं होतं."

बाई परत फिरल्या आणि व्हरांड्यातल्या बाकावर टेकल्या. गुडघे ठणकत होते. हे सगळं न बघता धाराशिवला जाऊन पडावं, असं फार मनात आलं. अहवालात एक ओळ लिहिली की सुटका होती. पळसाला पानं तीनच, आपण एकटीनं चौथं कुठून फोडायचं?

पण ती पोरगी समास आखत होती ते डोळ्यांपुढून हलत नव्हतं.

एकच गोष्ट दोन तोंडांनी सांगितली होती. पान झालं की समिती जाते. जेवल्यावर समिती वर चढत नाही. या जिल्ह्यात कुठल्याच समितीनं कधी तसं केलं नव्हतं, आणि त्याच भरवशावर कुणीतरी वेळ ठरवली होती. यंत्र समितीला दाखवायला इथं आलं होतं. समितीनं बघितलं, जेवायला बसली, आणि त्याचं इथलं काम संपलं. चोरानं हार बेतानं काढला कारण तो चोर नव्हताच. तो नुसता वेळेवर आला होता.

मग ते गेलं कुठं? उद्या ज्याला ते दाखवायचंय त्याच्याकडं.

"बिराजदार," त्या म्हणाल्या, "उद्या आपली समिती कुठं आहे हो?"

"जळकोटकडं, मॅडम. महालिंगप्पा सरांच्या कॉलेजात. तिथंही हाच कोर्स..." बिराजदारांचं तोंड उघडंच राहिलं.

५

केबिनमध्ये सगळे जमले. कवडे, टेकाळे, दाराशी रामहरी आणि कोपऱ्यात सोनाली. तिच्यापुढचा कागद अजून कोराच होता.

बाईंनी मोबाइल टेबलावर ठेवला आणि आवाज मोठा केला.

"नमस्कार, महालिंगप्पा सर. गपाट बोलतेय. उद्या मला जमायचं नाही. आमचं इथलं आटपलंय, तर आजच येतो संध्याकाळपर्यंत. यंत्राचा एक फोटो काढला की झालं."

"आज?" पलीकडून आवाज आला. "आज नका हो मॅडम! उद्याच या की. स्वयंपाक सांगितलाय, पुरणाची होळगी सांगितलीय..."

"जेवायचं नाही सर. फक्त फोटो."

"पण मॅडम, गाडी आत्ता कुठं येडशी सोडलीय. पोचून, उतरवून, मांडून..."

"कसली गाडी, सर?"

पलीकडून नुसतं खाकरणं ऐकू आलं. इथं कवड्यांनी फोनकडं हात नेला आणि मागं घेतला.

"बरं, उद्याच येते," दीपमालाबाई म्हणाल्या. "यंत्रावरचं कुंकू तेवढं पुसू नका. ते मी लावलंय."

त्यांनी फोन बंद केला. कवडे खुर्चीत खचले.

"कुलूप विकत घेतलं की चाव्या दोन मिळतात," बाई म्हणाल्या. "मघापासून सगळे एकीवरच बोलताय. दुसरी तुमच्या कपाटात असते ना, सर? ती टेकाळे सरांनी भाताच्या वेळी रामहरीला दिली. यानं हार उतरवला आणि यंत्र जळकोटच्या गाडीत चढवलं. दरवर्षीसारखंच. मी वर आले आणि तुमची पंचाईत झाली. उसनं म्हणावं तर कोर्स जातो. चोरी म्हणलं तर कोर्स राहतो, फक्त एक चोर लागतो."

रामहरीनं हातातला पोचारा खाली ठेवला. "मॅडम, वरून सांगितलं तसं केलं बगा. सोनालीबाईवर येईल असं मला म्हाईत नव्हतं."

"चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच," बिराजदार कवड्यांकडं बघून पुटपुटले.

"चोर म्हणू नका, सर," कवडे म्हणाले. आता त्यांचा आवाज खरोखरच थकलेला होता. "ह्या भागात असलं मशीन किती कॉलेजांकडं हाय? आमच्या माहितीत एक. लग्नातल्या हंड्यावानी ते फिरतंय ह्या गावातनं त्या गावात. सगळ्यांनाच म्हाईत हाय. तुम्हांला काय नवं हाय ह्यात, मॅडम?"

त्यांना नवं नव्हतं. बाईंनी मान हलवली.

"मग एक करू," कवडे पुढं सरकले. "गाडी परत बोलावतो. तासाभरात मशीन टेबलावर. तुम्ही फोटो काढा आणि निघा. चोरीचं नाव न्हाय, सोनालीबाईंचा कागद न्हाय. सगळंच मिटलं."

मिटत होतं खरंच. बिराजदार बुटांकडं बघू लागले. बाईंनी सोनालीकडं पाहिलं. दुपारपासून पहिल्यांदा तिनं मान वर केली होती, आणि तिच्या डोळ्यांत एवढी आशा होती की बाईंना तिकडं बघवेना.

"आणि परीक्षेला?" त्या कवड्यांना म्हणाल्या. "प्रात्यक्षिकं एकाच आठवड्यात असतात सगळीकडं. तेव्हा हंडा कुठल्या लग्नात असणार? पोरी रिकाम्या टेबलापुढं उभ्या राहतील आणि तुम्ही पुन्हा विचाराल, चावी कुणाकडं होती. आज सोनालीबाई त्या कागदापासून वाचल्या, त्या दिवशी वाचायच्या नाहीत."

"पुढचं पुढं बघू, मॅडम."

"पुढचं कुणी बघत नाही, सर. मला एवढ्या वर्षांत दिसलं नाही कुणी बघताना."

त्यांनी अहवाल ओढला आणि लिहिलं. यंत्र महाविद्यालयाच्या मालकीचे नाही. मंजुरीची शिफारस करता येत नाही. खाली सही केली. बिराजदारांनी बराच वेळ पेन नुसतं धरलं, मग त्यांनीही सही केली.

सोनाली कुणाच्या लक्षात येण्याआधीच बाहेर गेली होती.

६

ती गाडीजवळ उभी होती. दीपमालाबाईंना जिना उतरून तिच्यापर्यंत पोचायला बराच वेळ लागला.

"तुला माहीत होतं," बाई म्हणाल्या. 'तुम्ही' कधी गळून पडलं ते त्यांच्याही ध्यानात आलं नाही. "यंत्र उसनं आहे हे तुला पहिल्यापासून माहीत होतं. टेबलाकडं एकदा बघितलंस आणि सगळं समजलीस. तरी गप्प बसलीस."

"बोलले असते तर कोर्स गेला असता."

"आणि न बोलता तू चोर ठरत होतीस, पोरी."

"व्हय. मी एकटी. मी सही करणारच होते, मॅडम. जूनमधी मला काढलंच असतं, पण कोर्स राहिला असता. दुसऱ्या कुणीतरी शिकवला असता."

"यंत्राशिवाय?"

"यंत्राशिवायच शिकवतात सगळीकडं. शिकवणाऱ्यानं दोन वर्षं मागं लागून संस्थेला घ्यायला लावलं असतं एखादं. आधी कोर्स तर पाहिजे ना दारात? कोर्सच न्हाय म्हणल्यावर संस्था मशीन कशाला घेईल?"

हे दीपमालाबाईंच्या डोक्यात आलं नव्हतं. त्या गाडीच्या दाराला धरून उभ्या राहिल्या. आपण बरोबर केलं, हे त्यांना अजूनही वाटत होतं, आणि त्याचा काडीचा उपयोग होत नव्हता. पोरीचं नाव वाचलं होतं. ज्यासाठी ती नाव घालवायला निघाली होती ते त्यांनी स्वतःच्या हातानं खोडलं होतं.

कॉलेजच्या पायऱ्यांवर बारावीच्या पाच-सहा मुली दप्तरं घेऊन घोळक्यानं थांबल्या होत्या. कोर्सचं काय झालं ते ऐकायला. सोनालीनं त्यांच्याकडं पाठ केली होती.

काहीतरी बोललं पाहिजे म्हणून बाई बोलून गेल्या. "लातूरला आहे हा विषय. हुशार पोरी आहेत, जातील तिकडं."

सोनालीनं पहिल्यांदाच त्यांच्या डोळ्यांत रोखून पाहिलं.

"लातूरला धाडणारे बाप असते ह्यांचे, तर मी हा कोर्स कशाला लिहिला असता, मॅडम?"

मग ती वळली आणि पायऱ्यांकडं चालू लागली. मुली उठून उभ्या राहिल्या. दीपमालाबाई गाडीत बसल्या. बिराजदारांनी निघायचं का म्हणून विचारलं, तर त्यांना ते ऐकूच आलं नाही.